क्लॅमिडोमोनासमधलं मायोसिस प्रत्यक्ष बघायचंय, क्रोमोसोम दिसतात का कुणाला?

शेवाळ_मॅडम
14 जून, रात्री 10:20

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. मी कोल्हापुरात बीएस्सीला बॉटनी शिकवते. मायोसिसचं, म्हणजे क्रोमोसोमची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाचं, प्रॅक्टिकल म्हटलं की आमच्याकडं वर्षानुवर्षं कांद्याच्या फुलाची कळी, परागकोश काढायचा, अ‍ॅसिटोकार्मिन टाकायचं, दाबायचं, बघायचं. पोरांना ते जमतंही. पण पहिल्या वर्षाला क्लॅमिडोमोनासचं, या एकपेशीय शैवालाचं, जीवनचक्र आहे आणि त्या आकृतीत झायगोटच्या (दोन पेशी जुळून झालेल्या पेशीच्या) पुढं एक बाण असतो, त्यावर 'आर. डी.' एवढंच लिहिलेलं असतं. रिडक्शन डिव्हिजन, म्हणजे मायोसिसच. मी विद्यार्थी असताना तो बाण वहीत काढला, गेली चौदा वर्षं फळ्यावर काढतेय, आणि त्या बाणात नेमकं काय घडतं ते मी एकदाही डोळ्यांनी बघितलेलं नाही. या वर्षी एका मुलीनं सरळ विचारलं, मॅडम तुम्ही बघितलंय का हे? नाही म्हणाले. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

मागच्या रविवारी गावाकडं गेलेले. गोठ्याशेजारी म्हशींना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे, वळीव पडून गेल्यावर त्यातलं पाणी पार हिरवंगार झालेलं. बाटली भरून आणलं. 40 एक्सखाली बघितलं तर क्लॅमिडोमोनासच, शंकाच नाही, दोन शेपट्या, लाल डोळा, पेल्यासारखं हरितलवक, नुसती धावपळ चाललेली. आणि त्यात काही ठिकाणी एकाच आवरणात चार-चार पेशी बसलेल्या! मला इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना उठवून दाखवलं. झायगोटमधनं मायोसिस होऊन चार पेशी तयार झाल्यात म्हणून लगेच अल्कोहोल-अ‍ॅसिटिकमध्ये फिक्स केलं, कार्मिन दिलं. पण प्रत्येक पेशीत एक गोल लालसर ठिपका सोडला तर काहीच नाही. कांद्यात कसे दोरे, जोड्या, सगळं दिसतं, तसं काही नाही.

माझं काय चुकतंय? कुणी केलंय का हे?

राजारामपुरीकर
14 जून, रात्री 11:05

मॅडम मी इंजिनिअर माणूस, बॉटनीतलं काही कळत नाही, पण वाचतोय. हौदातल्या पाण्यात एवढं सगळं असतं हेच आज कळलं.

पेशीपुराण
15 जून, सकाळी 8:40

मॅडम, मी पुण्यात काही वर्षं क्लॅमिडोमोनासवरच काम केलंय, म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

एका आवरणात चार पेशी म्हणजे मायोसिस असं बिलकुल नाही. हे शैवाल साधं वाढतानाच असं करतं. दिवसभर उजेडात पेशी फुगत जाते, मूळ आकाराच्या कितीतरी पट होते, आणि रात्री पटापट दोनदा-तीनदा माइटोसिस (क्रोमोसोमची संख्या तीच ठेवणारं साधं विभाजन) करून आईच्याच आवरणात चार, आठ, कधी सोळा पिल्लं तयार करते. मग आवरण फुटतं आणि सगळी पोहत निघून जातात. तुम्ही बघितलं ते हेच. यात प्लॉइडी, म्हणजे क्रोमोसोमचे संच किती ते, कुठंच बदलत नाही, आई हॅप्लॉइड (एकच संच), पोरंही हॅप्लॉइड. मीही पहिल्या महिन्यात हीच चूक करून गाइडकडं धावत गेलतो.

झायगोस्पोर, म्हणजे पिकलेला झायगोट, ओळखायची खूण वेगळी. भिंत जाड, हलत नाही, शेपट्या गळालेल्या, आणि पिकत गेला की हिरव्यावरनं पिवळसर-नारंगी छटा येते. शंका असली तर क्लोरोफॉर्मची वाफ द्यायची. प्लेट उलटी करून अर्धं मिनिट वाफेवर धरली की साध्या पेशी मरतात, जाड भिंतीचे झायगोस्पोर जगतात. वाफेचं काम फ्यूम हूडमध्येच करा मात्र.

दुसरी गोष्ट त्या गोल ठिपक्याची. तो केंद्रक आहे का पायरेनॉइड (हरितलवकातला, भोवती स्टार्च साठणारा गोळा) ते आधी ठरवा. आयोडीनचा थेंब सोडा, पायरेनॉइडभोवतीचं स्टार्च निळं-काळं होतं. पायरेनॉइड पेल्याच्या बुडाशी असतो, केंद्रक पेल्याच्या पोकळीत, मधोमध.

शेवाळ_मॅडम
15 जून, दुपारी 1:15

राग कसला, उलट वर्गात सांगायच्या आधी कळलं हे किती बरं. आयोडीन देऊन आत्ताच बघितलं. ठिपके काळेनिळे झाले. म्हणजे मी दोन रात्री पायरेनॉइड रंगवून बघत होते. घरच्यांनाही आज संध्याकाळी पुन्हा दाखवून दुरुस्त करून सांगणार आहे, कारण धाकटा शाळेत सगळ्यांना सांगून आलाय.

जुना_लॅबवाला
15 जून, सायंकाळी 7:30

मॅडम नमस्कार. मी 31 वर्सं बॉटनीच्या लॅबमदी काढली, आता रिटायर हाय. कार्मिन नुसतं टाकून चालत न्हाई बघा. आमच्या टायमाला सर लोक सांगायचे, सुई गंजकी घे. लोखंडाची गंजल्याली सुई घेऊन कार्मिनच्या थेंबात मटेरियल फोडायचं, तो थेंब लालचा जरा जांभळट व्हायला लागला की सुई काढायची. लोखंडाबिगर रंग क्रोमोसोमला धरून बसत न्हाई. जास्त झालं तर सगळंच काळं पडतंय, तवा हात आवरता पायजे. मग स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरनं चार-पाच येळा फिरवायची, मनगटाच्या मागल्या अंगाला लावून बघायची, चटका बसाय नको पण ऊब कळाय पायजे. उकळी आली की मटेरियल गेलं. मग टीपकागद घालून अंगठ्यानं दाबायचं, आणि दाबताना कव्हरस्लिप सरकली तर ती स्लाइड टाकून द्या, परत बघत बसू नका.

शेवाळाला आलं की आणि अवघड असतंय. कांद्याची पेशी मोठी हाय, ही बारीक.

पेशीपुराण
15 जून, रात्री 9:10

काका, ही गंजक्या सुईची युक्ती म्हणजे नुसता अनुभव नाही, त्याला शास्त्र आहे. लोहाचा आयन रंग आणि क्रोमोसोम यांच्यामधला दुवा होतो. इंग्लंडमध्ये मॉड गॉडवर्ड नावाच्या बाई होत्या, त्यांनी 1948 मध्ये खास शैवालांसाठी आयर्न अलम आणि अ‍ॅसिटोकार्मिनची पद्धत बसवली, आणि 1966 मध्ये शैवालांच्या क्रोमोसोमवर अख्खं पुस्तक संपादित केलं. तुम्ही सुईनं करत होता ते त्या अलमनं करत होत्या.

राजारामपुरीकर
15 जून, रात्री 9:50

माझा बाळबोध प्रश्न. कांद्यात दिसतं आणि यात दिसत नाही, तर अजून मोठं करून बघायचं की. शंभर पट नाही तर हजार पट.

पेशीपुराण
16 जून, सकाळी 7:55

बाळबोध नाही, खरी गोम तिथंच आहे. कांद्याचा हॅप्लॉइड जीनोम, म्हणजे एका संचातला सगळा डीएनए, साधारण 16 अब्ज बेसचा (डीएनएची अक्षरं), म्हणजे माणसाच्या पाचपट, आणि तो फक्त 8 क्रोमोसोममध्ये वाटलेला. सरासरी एका क्रोमोसोमला 2 अब्ज. क्लॅमिडोमोनास राइनहार्टीचा सगळा जीनोमच 11 कोटींच्या आसपास, 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो 17 क्रोमोसोममध्ये. भाग दिला तर एकाच्या वाट्याला साधारण 65 लाख. म्हणजे कांद्याच्या एका क्रोमोसोममध्ये जेवढा डीएनए, तेवढ्यात क्लॅमिडोमोनासचे तीनशे क्रोमोसोम मावतील. कांद्याचा ऊस धरला तर हा त्या उसाच्या पाल्यावरची कूस.

आता मोठं करायचं म्हणाल तर प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक हद्द आहे. 100 एक्सचं तेलातलं भिंग लावलं तरी पाव मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात. ती हद्द प्रकाशाच्या लहरीची आहे, भिंग कितीही भारी आणा. हे क्रोमोसोम पुरते आखडल्यावरसुद्धा मायक्रॉनच्या आतले. मग चित्र मोठं होतं पण त्यात नवीन काही येत नाही, मोबाइलवर फोटो झूम करत गेल्यावर नुसते चौकोन दिसतात तसं. 17 ठिपके अडीच-तीन मायक्रॉनच्या केंद्रकात कोंबलेले. म्हणून जुन्या पेपरांत कुणी 8 मोजलेत, कुणी 16 च्या आसपास. हाडाचे सायटॉलॉजिस्ट होते ते सगळे, तरी जमलं नाही. 17 हा आकडा डोळ्यानं मोजून आलेला नाही, तो जनुकांच्या नकाशावरनं आणि नंतर जीनोमवरनं पक्का झाला.

आणखी एक अडचण. कांद्यात विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं, क्रोमोसोम मोकळे होतात, दाबलं की पसरतात. यात माइटोसिसला आवरण बरंचसं तसंच राहतं, फक्त दोन टोकांना खिडक्या पडतात. दाबून पसरतच नाहीत.

एमएस्सी_पार्ट_वन
16 जून, सकाळी 11:30

मी प्रश्न विचारणारी तीच मुलगी आहे मॅडम, आता एमएस्सीला आलो. सर, डॅपी (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) लावून फ्लुरोसन्समध्ये बघितलं तर? आमच्या डिपार्टमेंटला आहे तो मायक्रोस्कोप. मी एकदा लावलो होतो, पेशीत आठ-दहा निळे ठिपके चमकत होते, मला वाटलं क्रोमोसोमच.

पेशीपुराण
16 जून, दुपारी 12:45

ते ठिपके क्रोमोसोम नाहीत गं. ते हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएचे पुंजके, न्यूक्लिऑइड. डॅपी सगळ्याच डीएनएला धरतो. केंद्रक म्हणजे त्यात एक मोठा मऊसर निळा गोळा असेल, तो शोध. हरितद्रव्य स्वतः लालभडक चमकतं, त्यामुळं फिल्टर नीट लाव नाहीतर अल्कोहोलनं आधी सगळं हिरवं काढून टाक.

पण तू बघितलंस ते वाया नाही गेलं. त्याच ठिपक्यांवरनं एक फार सुंदर गोष्ट डोळ्यांना दिसते. 1982 मध्ये जपानच्या कुरोइवांच्या गटानं डॅपी लावून दाखवलं की प्लस आणि मायनस पेशी (नर-मादीसारखे दोन प्रकार) एकत्र आल्यावर तासाभराच्या आतच मायनसकडनं आलेल्या हरितलवकातले ठिपके विझून जातात, प्लसचे तेवढे राहतात. रूथ सेगर यांनी 1954 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन न बाधणारे स्ट्रेन घेऊन दाखवलं होतं की हा गुण मेंडेलच्या हिशेबात बसत नाही, एकाच पालकाकडनं सगळ्या पिल्लांत उतरतो. त्याचं उत्तर त्या विझणाऱ्या ठिपक्यांत आहे. आणि गंमत अशी की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए उलट मायनसकडनं येतो.

शेवाळ_मॅडम
2 जुलै, रात्री 9:35

मंडळी, प्रगती कळवते. पेशीपुराण सरांच्या ओळखीनं एका संशोधन संस्थेतल्या मॅडमनी दोन ट्यूब दिल्या, सीसी-125 प्लस आणि सीसी-124 मायनस. हौदातल्या जंगली क्लॅमिडोमोनासवर आता वेळ घालवत नाही, त्यातले प्लस कुठले, मायनस कुठले, एकाच जातीचे तरी आहेत का, काहीच कळत नव्हतं. या दोघांची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. 1945 मध्ये गिल्बर्ट स्मिथ यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बटाट्याच्या शेतातल्या मातीतनं हे शैवाल काढलं, आणि आज जगभर प्रयोगशाळांत वापरतात त्यातले बहुतेक स्ट्रेन तिथनंच आलेत. बटाट्याच्या वावरातला माणूस आज माझ्या ट्यूबलाइटखाली, इकडं पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडायला लागलंय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय.

पण एक घोळ झाला. मी कॉलेजात नेहमीचं बोल्ड बेसल मीडियम केलं, त्यात घातल्या, आणि तीन दिवसांत दोन्ही पिवळट पडायला लागल्या. मेल्या का काय?

पेशीपुराण
2 जुलै, रात्री 10:15

मेल्या नाहीत, उपाशी आहेत. बोल्डमध्ये नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात असतो. या दोन स्ट्रेनमध्ये नायट्रेट पचवायची दोन जनुकं मुळातच बिघडलेली आहेत, त्यांना अमोनियम लागतं. ताटात जेवण वाढलंय पण खाता येत नाही. टॅप मीडियम करा, ट्रिस, अ‍ॅसिटेट, फॉस्फेट, त्यात अमोनियम क्लोराइड असतं.

पण थांबा! टाकून देऊ नका. नायट्रोजनचा उपास पडला की साध्या पेशीचं युग्मक (जोडीदाराशी जुळणारी पेशी) होतं, हेच तर आपल्याला पाहिजे. उद्या सकाळी उजेडात ठेवलेल्या दोन्ही ट्यूबमधला एकेक थेंब स्लाइडवर शेजारी-शेजारी घ्या आणि 10 एक्सवर बघत बघत एकत्र करा. कव्हरस्लिप नको.

शेवाळ_मॅडम
3 जुलै, सकाळी 11:50

मला लिहायला शब्द सुचत नाहीयेत. दोन थेंब सुईनं जोडले. पहिले काही सेकंद नुसतीच सरमिसळ. आणि मग एकदम, जणू कुणी चुंबक धरलं, पेशी एकमेकींना चिकटायला लागल्या, दहा-दहा वीस-वीसचे घोळके, सगळे थरथरतायत, शेपट्यांची टोकं एकमेकांत अडकलेली आणि सगळा घोळका जागच्या जागी गदागदा हलतोय. पंधरा-वीस मिनिटांनी घोळक्यातनं जोड्या सुटायला लागल्या. एक जोडी माझ्या डोळ्यासमोर जुळली, आधी पुढच्या टोकाला एक बारीक पूल, मग दोन्ही अंगं एकमेकांत ओतल्यासारखी, आणि शेवटी चार शेपट्यांची एकच पेशी पोहत निघाली. आयोडीन देऊन मोजल्या, चारच. वर्गातल्या बावीस पोरांनी रांगेनं बघितलं. कुणी हलायला तयार नव्हतं, पुढचा तास घेणाऱ्या सरांना बाहेर उभं राहायला लागलं.

जुना_लॅबवाला
3 जुलै, दुपारी 2:20

लई भारी मॅडम. पोरास्नी असं दाखवायला पायजे.

पेशीपुराण
3 जुलै, दुपारी 3:05

आता पुढचं सांगतो, इथं घाई केलीत तर सगळं जाईल. उद्या सकाळी ट्यूबमध्ये बघा, झायगोट एकमेकांना धरून पातळ थर तयार करतात, काचेला चिकटलेला. तो उचलून टॅपच्या प्लेटवर, अगार नेहमीपेक्षा जास्त, चार टक्क्यांचा घ्या, कडक पाहिजे. एक दिवस उजेडात, मग फॉइल गुंडाळून पाच-सहा दिवस पूर्ण अंधारात. उघडून बघायचं नाही, टॉर्च मारून तर अजिबातच नाही. अंधारात ते पिकतात. नंतर ब्लेड आडवी धरून प्लेटवरच्या साध्या पेशी खरवडून काढायच्या, झायगोस्पोर अगारला घट्ट चिकटून राहतात, ते निघत नाहीत. उरलेल्यांना क्लोरोफॉर्मची वाफ. मग ताज्या मीडियमवर उजेडात आणायचं, तिथनं साधारण एका दिवसात मायोसिस होऊन पिल्लं बाहेर.

शेवाळ_मॅडम
4 जुलै, सकाळी 9:00

थर आलाय! म्हशीच्या दुधावर रात्रभरात साय धरते तसा, हलवलं की अख्खा हलतो.

शेवाळ_मॅडम
12 जुलै, रात्री 8:25

पहिली खेप गेली. पावसानं लॅबची भिंत ओल धरून बसलीय, फॉइल काढलं तर तीन प्लेटवर काळी बुरशी पसरलेली. आणि मधे एका रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही, कल्चरचा दिवस-रात्रीचा मेळ विस्कटला. पुन्हा सुरुवात करतेय. या वेळी घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, खोक्यात, आणि प्लेटला कडेनं पॅराफिल्म.

एमएस्सी_पार्ट_वन
12 जुलै, रात्री 9:00

मॅडम एक सेट माझ्याकडं द्या, मी हॉस्टेलला ठेवतो. दोन ठिकाणी असलेलं बरं.

शेवाळ_मॅडम
25 जुलै, पहाटे 5:10

झोपले नाही अजून. सविस्तर लिहिते, विसरायच्या आधी.

काल सकाळी नऊला झायगोस्पोर उजेडात आणले. संध्याकाळी सहापासनं दर तासाला थोडे खरवडून एकास तीन अ‍ॅसिटिक-अल्कोहोलमध्ये टाकत गेले. अल्कोहोल हिरवं होतं, ते बदलायचं, पुन्हा हिरवं, पुन्हा बदलायचं, असं पेशी पांढऱ्या पडेपर्यंत. काकांच्या सांगण्याप्रमाणं गंजकी सुई. घरातली कुठली गंजकी मिळेना, शेवटी गोधडी शिवायच्या डब्यात सापडली.

संध्याकाळच्या बॅचमध्ये काहीच नाही, भिंत इतकी जाड की रंग आत शिरतच नव्हता, नुसते पिवळट गोळे. रात्री दहाच्या बॅचमध्ये भिंत जरा नरमलेली वाटली. दाबल्यावर बारीकसा टक्क आवाज झाल्यासारखं जाणवलं आणि आतलं सगळं पसरलं. केंद्रक मोठं, फुगलेलं, आणि त्यात एकसारखा रंग नव्हता, रवाळ होता, मधे बारीक धाग्यांसारखं काहीतरी, पण धागा इथं सुरू झाला आणि इथं संपला असं बोट ठेवून सांगता येत नव्हतं. साडेअकराच्या बॅचमध्ये एका, फक्त एका झायगोटमध्ये, गडद ठिपक्यांचा एक आडवा पट्टा. मोजायचा प्रयत्न केला. फोकस वर-खाली करत एकदा अकरा आले, एकदा चौदा, एकदा नऊ. पहाटे दोनच्या बॅचमध्ये एकाच जाड भिंतीत दोन केंद्रकं, तीनच्या बॅचमध्ये चार.

एक्स आकार नाही, कायझ्मा (जोडीतले क्रोमोसोम एकमेकांत अडकलेली जागा) नाही, जोड्या नाहीत. पण एकाची दोन आणि दोनाची चार केंद्रकं मी बघितली. फळ्यावरचा तो बाण आत्ता माझ्या स्लाइडवर आहे.

राजारामपुरीकर
25 जुलै, सकाळी 7:30

सकाळी चहा पिता पिता वाचलं, चहा गार झाला. एकच शंका. चार केंद्रकं तर त्या साध्या विभाजनातही होतात म्हणालात. मग हे मायोसिसच कशावरनं?

पेशीपुराण
25 जुलै, सकाळी 9:20

या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. मॅडम, आधी तुमचं मनापासून अभिनंदन, हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी जमलं होतं. पण साहेबांचं बरोबर आहे, नुसत्या ठिपक्यांवरनं सिद्ध होत नाही. जोड्या जुळताना तयार होणारी शिडीसारखी रचना, सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्स, ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्येच दिसते, क्लॅमिडोमोनासमध्ये 1970 च्या दशकात बघितली गेली.

पण दुसरी वाट आहे, आणि या शैवालाची खरी ताकद तीच. क्रोमोसोम बघू नका, पोरं बघा. कांद्यात मायोसिसचे चार परागकण झाले की ते इतर हजारोंत मिसळून जातात, कुठले चार भाऊ ते कळत नाही. इथं एका झायगोटची चारही पोरं एकाच आवरणात सापडतात. त्या संस्थेतल्या मॅडमकडनं एक पीएफ स्ट्रेन मागवा, पॅरालाइज्ड फ्लॅजेला, म्हणजे शेपट्या आहेत पण मारता येत नाहीत, पीएफ-14 वगैरे. त्याचा नेहमीच्या स्ट्रेनशी संकर करा. झायगोस्पोर फुटला की काचेच्या बारीक ओढलेल्या सुईनं चारही पिल्लं अगारवर वेगळी करा, वाढू द्या, मग पाण्यात सोडा. मायोसिस झालं असेल तर दोन पोहतील आणि दोन बुडाशी बसतील. दर वेळी दोनास दोन. माइटोसिसनं हे होऊच शकत नाही.

आणि 17 आकडा असाच आला. दोन वेगवेगळे गुण घेऊन चौकड्या, म्हणजे एकेका झायगोटची चार-चार पोरं, मोजायच्या. पालकांसारख्याच जोड्या असलेल्या चौकड्या आणि पूर्ण अदलाबदल झालेल्या चौकड्या सारख्याच प्रमाणात आल्या तर ती दोन जनुकं वेगळ्या क्रोमोसोमवर, किंवा एकाच क्रोमोसोमवर फार लांब. पालकांसारख्या फारच जास्त आल्या तर शेजारी. असं जनुकामागून जनुक लावत नेलं. प्लस का मायनस हे ठरवणारी जागा सहाव्या क्रोमोसोमवर आहे हेही असंच.

जुना_लॅबवाला
25 जुलै, सकाळी 10:40

काचेची सुई मी करून देतो मॅडम. काचेची कांडी बर्नरवर धरून लाल झाली की ओढायची, मग टोक नुसतं ज्योतीच्या कडेला दावायचं. धा-पंधरा करतो, मोडत्यात लई.

शेवाळ_मॅडम
19 ऑगस्ट, रात्री 10:05

काकांनी अठरा सुया करून आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येकीला वेगळी पुरचुंडी. पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी घरी जेवायला बसवलं.

पीएफचा संकर झाला. तीस झायगोस्पोर वेगळे केले, बरेच फुटलेच नाहीत, काहींची दोन-तीनच पिल्लं हाती लागली, काही सुईलाच चिकटून गेली. मी तीन आणि एमएस्सी_पार्ट_वननं चार, अशा सात पूर्ण चौकड्या मिळाल्या. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. दहा दिवस वाढवल्या. आज संध्याकाळी अठ्ठावीस छोट्या ट्यूब ओळीनं खिडकीत लावल्या, चार-चारच्या गटात. काही बघायचीसुद्धा गरज पडली नाही. प्रत्येक चारात दोन ट्यूब वरपर्यंत एकसारख्या हिरव्या, आणि दोनांत वर स्वच्छ पाणी आणि बुडाशी हिरवा गाळ. सातही चौकड्यांत. एकाही ठिकाणी तीनास एक नाही.

एमएस्सी_पार्ट_वन
19 ऑगस्ट, रात्री 10:20

मी प्रत्येक ट्यूबमधला थेंब 40 एक्सवर पण बघितलो. बुडातल्यांना शेपट्या आहेत, नुसत्या ताठ. उद्या सकाळी डॅपीसाठी दोन नवीन झायगोटचे थर लावतोय, ते मायनसचे विझणारे ठिपके बघायचेत.

राजारामपुरीकर
19 ऑगस्ट, रात्री 10:45

मॅडम, त्या अठ्ठावीस ट्यूब अजून किती दिवस तशा राहतील? आमची मुलगी नववीला आहे, तिला घेऊन येऊ का शनिवारी?

शेवाळ_मॅडम
19 ऑगस्ट, रात्री 10:50

या की. सकाळी अकराच्या आत या, तेव्हा खिडकीतनं ऊन येतं आणि फरक लांबनं दिसतो. येताना ट्यूब हलवायच्या नाहीत एवढं तिला सांगून ठेवा, बुडातल्या ढवळल्या गेल्या की पुन्हा बसायला वेळ लागतो.